शिवण बाहेरच्या बाजूला : आमची वाटचाल

आम्ही सोलापुरात इसब असलेल्या लहान मुलांसाठी सुती कपडे शिवतो. पुढून बांधायची झबली, रात्री घालायचे अंगभर सूट, हात झाकता येतील अशा बाह्यांचे सदरे आणि थोड्या मोठ्या मुलांसाठी आतून घालायचे बनियन. नवीन गिऱ्हाइकाचा फोन आला की पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो, "हे घातलं की इसब जाईल ना हो?" आमचं उत्तर पहिल्यापासून एकच आहे: नाही जाणार. इसबावरचा उपाय डॉक्टरांकडे आहे आणि घरातल्या मॉइश्चरायझरच्या डब्यात आहे. कपड्याचं काम एवढंच, की आधीच हुळहुळलेल्या कातडीला आणखी त्रास होऊ नये. हे ऐकून काही जण फोन ठेवतात. जे थांबतात, ते पुढच्या मापाचे कपडे घ्यायला हमखास परत येतात.

सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आणि टॉवेल आठवतात, पण शाळांचे गणवेश शिवणारे लहान-मोठे कारखानेही इथे पुष्कळ आहेत. आमचा त्यातलाच एक, सासऱ्यांनी चालू केलेला. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, जूनचा हंगाम आलाच नाही आणि मशिनी झाकून ठेवायची वेळ आली. त्याच काळात माझी नणंद बाळाला घेऊन आमच्याकडे अडकून पडली होती. बाळ काही महिन्यांचं. गाल लालभडक, त्यातून पाणी यायचं, हातापायांवर खरखरीत चट्टे. रात्रभर ते उशीवर गाल घासायचं आणि घरातलं कुणीच झोपायचं नाही.

सासूबाईंनी मायेने जे जे करायचं ते सगळं केलं. डाळीचं पीठ आणि साय लावून अंग चोळणं, कडकडीत पाण्याची अंघोळ, मग शेगडीवर ओवा-वेखंडाची धुरी. व्हिडिओ कॉलवर बालरोगतज्ज्ञांनी हे सगळं एका दमात बंद करायला सांगितलं आणि कारणही नीट समजावलं. अशा बाळाच्या कातडीचा वरचा थरच कमकुवत असतो. आतलं पाणी टिकत नाही आणि बाहेरचं साबण, धूळ, घाम सहज आत शिरतं. बऱ्याच मुलांत त्याचं मूळ फिलाग्रिन नावाच्या प्रथिनात असतं. त्याच्या जनुकातला दोष आणि इसब यांचा संबंध २००६ मध्ये दाखवला गेला. म्हणजे हा आईच्या खाण्यातला दोष नाही, स्वच्छतेतला नाही, नजर लागणं तर नाहीच. नणंदेला हे ऐकून रडू आलं, कारण तोवर तिला सगळ्यांनी हेच ऐकवलं होतं.

मग कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांची अंघोळ, अंग टिपून घेणं, आणि कातडी ओलसर आहे तोवर, तीनेक मिनिटांत, बिनवासाचं मॉइश्चरायझर. तेही बोटाच्या टोकावर घेऊन नाही, भरपूर. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शनात मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम असं प्रमाण दिलं आहे. आपल्याकडे पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतात आणि मग म्हणतात, गुण येत नाही.

बाळ सावरू लागलं, तरी काही जागचे चट्टे हटत नव्हते. ते आमच्या कटिंग मास्टरांच्या लक्षात आलं. मानेमागे बरोबर लेबलाच्या जागी, काखेत ओव्हरलॉकच्या (कापडाची कड दोऱ्याने गुंडाळणाऱ्या) शिवणीखाली, छातीवर टिचबटणाच्या मागे. चाळीस वर्षं कापडात घालवलेला माणूस तो. बाळाचं झबलं त्यांनी उलटं करून स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर घासून बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, हे पोराला कसं सहन व्हायचं?" त्याच दुपारी त्यांनी एक झबलं शिवलं, सगळी शिवण बाहेर ठेवून. आमच्या कामाची सुरुवात तिथून झाली.

दिसायला साधी गोष्ट, पण त्यातलं एकेक सोडवताना आमचं बरंच शिक्षण झालं. डोक्यातून घालायचा कपडा गालांवरून खरवडत जातो, म्हणून जुन्या पद्धतीचं पुढून बांधायचं झबलं आम्ही परत आणलं, नाड्या बाहेरच्या अंगाला. काखेत चार शिवणी एकत्र येऊन गाठ होते, म्हणून बाही गळ्यापासून तिरकी लावतो. काखेतला भार कमी होतो. टिचबटणांत निकेल असू शकतं आणि काहींच्या कातडीला ते चालत नाही, म्हणून अंगाला लागेल असा धातू कुठेही नाही. लेबल शिवत नाही, बाहेरून छापतो. शिवण सपाट बसावी म्हणून फ्लॅटलॉकचं जुनं मशीन घेतलं. रांगणाऱ्या बाळाचे गुडघे फरशीवर घासतात, तिथे दुहेरी कापड दिलं.

बाह्यांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. रात्री खाजवू नये म्हणून हातमोजे घातले तर बाळ ते तासाभरात ओढून टाकतं. म्हणून बाहीच्याच टोकाला उलटवता येणारी खिशासारखी घडी दिली. झोपेत हात आत, जागेपणी हात बाहेर. हे बाहेर ठेवणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं. बाळ हातांनीच जग ओळखतं, दिवसभर ते झाकून ठेवायचे नाहीत. नखं बारीक कापलेली असली की दिवसा तेवढं पुरतं.

शिवण बाहेर असल्याने एक गंमतीची अडचण आली. आजी लोक झबलं सरळ करून घालायच्या! पाहुण्यांसमोर बाळाला उलटा कपडा कसा घालायचा, हा त्यांचा प्रश्नही रास्तच होता. म्हणून आता बाहेरच्या बाजूला खाली कडेला छोटासा पोपट छापतो. पोपट दिसला पाहिजे, एवढं सांगितलं की काम होतं.

कापड तिरुपूरहून मागवतो, उन्हाळ्यासाठी पातळ होजियरी, थंडीसाठी इंटरलॉक, म्हणजे दुहेरी विणीचं जाडसर कापड. सोलापूरचा एप्रिल-मे चाळिशीच्या वर जातो, आणि घाम आला की इसब खवळतो, त्यामुळे एकच जाडी बारा महिने चालत नाही. आतला थर बिनरंगाचा. सुरकुत्या न पडणारं कापड घेत नाही, कारण त्यासाठी बऱ्याचदा फॉर्माल्डिहाइडची रेझिन वापरतात. आजीने विणलेला लोकरी स्वेटर फेकून द्यायला आम्ही कुणाला सांगत नाही. लोकरीचा जाड तंतू, साधारण ३० मायक्रॉनच्या वरचा, कातडीला टोचतो. आत लांब बाहीचा सुती सदरा असला की स्वेटर वरून खुशाल घालावा.

एका मोठ्या व्यापाऱ्याने भरघोस ऑर्डर देऊ केली होती. अट एकच, पाकिटावर 'इसब बरा करणारे कपडे' छापायचं. त्याच सुमाराला दुसऱ्या एकाने कडुनिंबाचा लेप दिलेलं कापड आणलं. दोन्हींना आम्ही नाही म्हटलं. ब्रिटनमध्ये ३०० मुलांवर रेशमी औषधी कपड्यांची चाचणी झाली होती. २०१७ मध्ये निष्कर्ष आले, की नेहमीच्या उपचारांपेक्षा त्या महागड्या कपड्यांनी इसबात जास्त फरक पडला नाही. एवढं स्वच्छ लिहिलेलं असताना आम्ही सुती झबल्याला औषध कसं म्हणणार? उपचाराचे पैसे कपड्यात घालवणारी आई आम्हाला नको आहे. दोन-तीन नग घ्या, उरलेल्या पैशात मॉइश्चरायझरचा मोठा डबा आणा, असं आम्ही फोनवर सरळ सांगतो. बाळ वाढतं, डझनभर झबली घेऊन करायचंय काय?

धुण्याबद्दल मात्र मी फोनवर वेळ घेते. नवीन कपडा आधी धुऊनच घालावा. साबण मोजका, बिनवासाचा. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा अंश कापडात राहतो, म्हणून दोनदा खळबळून काढावा. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव नको. आणि एक गोष्ट प्रत्येक पाकिटात मोठ्या अक्षरांत लिहून जाते: मॉइश्चरायझर मुरलेलं कापड पटकन पेट घेतं आणि धुऊनही तो अंश पूर्ण जात नाही. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये सगळ्याच प्रकारच्या अशा मलमांबाबत हा इशारा दिला, त्यात पॅराफिन (खनिज तेलापासूनचा मेणचट घटक) असो वा नसो. आपल्या घरात निरांजन आहे, गॅसची शेगडी आहे, धुरी आहे, दिवाळीची फुलबाजी आहे. बाळाला त्या कपड्यात विस्तवाजवळ नेऊ नका. माझ्या लेखी हे वाक्य आमच्या मालापेक्षाही महत्त्वाचं आहे.

ओल्या कपड्यांच्या थरांचा उपचार, म्हणजे आत ओलसर आणि वर कोरडा सूट, डॉक्टरांनी दाखवून दिला असेल तरच आम्ही त्याची जोडी पाठवतो. औषधांवर आम्ही बोलत नाही. पण फोनवर आया स्टेरॉईडच्या भीतीने बोलतात तेव्हा मन घट्ट करून एवढं सांगते, की डॉक्टरांनी लिहून दिलेलं सौम्य मलम सांगितल्या मापाने लावा; मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाच्या पेरावर बसणारी मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती मोठ्यांच्या, बोटांसकट धरलेल्या, दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. घाबरायचं असेल तर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या मिश्र ट्यूबला घाबरा, ज्यात जोरदार स्टेरॉईड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. तसंच, मनाने दूध-अंडी बंद करू नका, बाळाची वाढ खुंटते. चट्ट्यांवर पिवळी खपली, एकसारखे पाण्याचे फोड किंवा ताप दिसला तर मला फोन करण्यात वेळ घालवू नका, दवाखाना गाठा.

आता आमच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांची मुलं शाळेत जाऊ लागली आहेत. या वयात इसब गालांवरून कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत सरकतो, आणि टेरिकॉटचा गणवेश, कडक कॉलर, कमरेचं इलॅस्टिक नेमकं तिथेच घासतं. त्यांच्यासाठी उंच गळ्याचं सुती बनियन आणि गुडघ्याखाली येणारी पातळ चड्डी तयार केली आहे. शाळा आत वेगळं काही घालू देत नाहीत अशी तक्रार येते. म्हणून मुख्याध्यापकांना द्यायच्या विनंतीपत्राचा मराठी आणि कन्नड नमुना करून ठेवला आहे, डॉक्टरांच्या सहीची जागा सोडून. ज्यांना हवा त्यांनी मागावा. त्यासाठी आमच्याकडून कपडे घेतलेच पाहिजेत असं नाही.