सगळ्यात हळू चालणारा दुसऱ्या नंबरला

रविवारी सकाळी सात वाजता जपानमधल्या टाकाओ डोंगराच्या पायथ्याशी, टाकाओसान्गुची स्टेशनाबाहेर आम्ही चौदा जण उभे होतो आणि आमचे म्होरके काका प्रत्येकाला रांगेतली जागा सांगत होते. वयाने सगळ्यात लहान मी, ३८. मला वाटलं पुढे घेतील. मला त्यांनी पार शेवटी उभं केलं. आणि समोरच्या घरातल्या ७६ वर्षांच्या आजी, ज्यांच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे होते, त्यांना आपल्या पाठीशी, दुसऱ्या नंबरला.

मला ते लागलं, खरं सांगतो. शाळेत असताना धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला आम्ही न थांबता चढायचो. टाकाओ अवघा ५९९ मीटर. मी राहतो त्या हाचिओजी शहराच्या हद्दीतला डोंगर, टोकियोतल्या शिंजुकूहून ट्रेनने तासाभराच्या आत पोचता येतं, त्यामुळे वर्षाला २५ लाखांहून जास्त माणसं इथे येतात. आमच्या वस्तीच्या मंडळाची ही दरवर्षीची चढाई. त्यातच दोन दिवस आधी घरी कागद आला होता: वय, गुडघे-कंबरेचा त्रास, चालू गोळ्या, घरच्यांचा फोन नंबर. डोंगर चढायला एवढं कशाला, असं तेव्हाही वाटलंच होतं.

आम्ही सहा नंबरच्या वाटेने निघालो. ही वाट ओढ्याच्या कडेने जाते, डांबर नाही, सगळीकडे झाडांची मुळं वर आलेली. वाटेत बिवा धबधबा लागतो, तिथे साधक थंडगार पाण्याखाली उभं राहून मंत्र म्हणतात. आजींच्या पिशवीला अस्वलासाठी बांधतात ती छोटी घंटी होती. मी शेवटी, मला त्या दिसत नव्हत्या, पण घंटी ऐकू यायची. आवाज संथ झाला की सगळी रांग संथ. थांबला की सगळे थांबले. कोणी "चला, चला" म्हटलं नाही. कोणी पुढे जाऊन दगडावर बसून वाट बघितली नाही. मला अर्धा तास हे जड गेलं. पाय पुढे पळायचे, मी त्यांना आवरायचो.

पहिल्या विसाव्याला मी काकांना विचारलंच, की आजी मागे चालल्या असत्या तर त्यांना दडपण आलं नसतं. ते शिक्षक होते, वाळूत काठीने रेघा ओढून समजावलं. रांग चालते तेव्हा मधली अंतरं कमीजास्त होत राहतात, आणि त्याचा सगळा भार शेपटावर येतो. पुढचा अवघड जागी जरा थबकला की मागच्याला उभं राहावं लागतं, आणि मग अंतर तोडायला जवळजवळ पळावं लागतं. म्हणून शेवटी दमाचा माणूस लागतो. दुसरं म्हणजे विसावा. पुढचे दहा मिनिटं बसतात. मागे पडलेला माणूस नवव्या मिनिटाला पोचतो. तो टेकतो न टेकतो तोच पुढचे ताजेतवाने होऊन उठतात. "ज्याला विसाव्याची जास्त गरज, त्यालाच तो मिळत नाही," काका म्हणाले. इथल्या गिर्यारोहणाच्या मंडळांत हा साधा नेम आहे, त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

मला मात्र तिथेच झोडग्याचं लिंबाचं झाड दिसलं.

आपल्याकडच्या वाचकांना चैत्रातली गडाची वारी सांगायला नको. रामनवमी आली की धुळं, जळगाव, नंदुरबारकडून माणसांचे लोंढे सप्तशृंगीकडे निघतात. आम्हीही पायी जायचो. लळिंगचा घाट, आर्वी, पुरमेपाडा, झोडगं, मालेगाव. दिवसा ऊन चाळिशीच्या पार, म्हणून पहाटे आणि रात्री चालायचं. आम्ही पोरं पुढे, "बोल अंबे माते की जय" ओरडत. आबा, माझे वडील, कायम मागे. त्यांचा गुडघा तेव्हाच बोलायला लागला होता. आम्ही थांबून हाक मारली की दुरून हात हलवायचे: "तुम्ही चाला पुढे, मी येस मांगेमांगे."

झोडग्याजवळ त्या लिंबाखाली आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन, पाणी पिऊन, पडूनसुद्धा झालो होतो. तेव्हा आबा आले. खाली बसले. एका पायातली चप्पल काढली, अंगठ्याजवळ फोड आला होता, तो बोटाने चाचपला. दुसरी चप्पल काढायला वाकले आणि आम्ही उठलो. कुणीतरी जयजयकार केला. आबांनी काढलेली चप्पल परत घातली. मी हे बघत होतो. मी सतरा वर्षांचा होतो आणि मला त्यात काहीच चुकीचं दिसलं नाही.

आता कोणी म्हणेल, बघा जपानची शिस्त आणि बघा आपण. तसं म्हणू नका. चौदा माणसांची रांग लावता येते, लाखोंची लावता येत नाही. आणि आपल्या वाटेवर जे होतं ते मला इथे दहा वर्षांत कुठे दिसलं नाही. अनोळखी गावातल्या बाया रस्त्यात उभ्या राहून "माय, पाणी पी" म्हणत तांब्या पुढे करतात. म्हातारी माणसं चालणाऱ्यांचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळतात. कलिंगडाच्या फोडी, लिंबू सरबत, रात्री अंथरायला सतरंजी. नाव कोणी विचारत नाही, गोळ्या कोणत्या चालू आहेत हे तर नाहीच. त्या दिवशी आबांच्या फोडावर हळद-तेल लावलं ते अशाच एका घराने. आम्ही पुढे गेलो होतो, पण आबा वाटेत एकटे नव्हते. हे मी स्वतःला खूपदा सांगितलंय.

माथ्यावर फुजी ढगात होता. मी बायकोने केलेल्या दशम्या काढल्या, ज्वारीचं पीठ इथे मिळतं पण आपल्या दादर ज्वारीची चव नाही. आजींनी अर्धी खाल्ली आणि बदल्यात मला भाताचा गोळा दिला. वर कचरापेटी नाही, ज्याचा कागद त्याने घरी न्यायचा, मोसंबीच्या सालीसकट. उतरताना याकुओइन देवळात गेलो. हे देऊळ ७४४ सालचं. तिथे अग्नीत समिधा टाकून करतात त्या विधीला गोमा म्हणतात, आणि तो शब्द म्हणजे आपला होम. ढोल घुमत होता, ज्वाळा वर जात होत्या. मी काकांना सांगितलं की हा शब्द माझ्या देशातून चालत आलाय. ते म्हणाले माहीत आहे, आणि मान लववली. मला फार बरं वाटलं.

आबा आता ७१ चे आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी नाशिकला झालं, त्याचा सगळा खर्च इथून गेला. तिथेच राहिलो असतो तर एवढे पैसे एकदम उभे करता आले नसते, ही गोष्ट मी कोणालाही सांगू शकतो. ऑपरेशनच्या दिवशी मी इकडे होतो, भाऊ तिकडे होता. गडावर २०१८ पासून ट्रॉली आहे, भाऊ आबांना तिच्यातून वर नेतो.

रात्री फोन केला. रांगेचं सगळं सांगितलं, आजींच्या घंटीचंही. आबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "मंग तू मांगे व्हता का?"

"हो. सगळ्यात मागे."

मी त्यांना सांगितलं की येत्या चैत्रासाठी दहा दिवसांची रजा टाकलीय. धुळ्यापासून नाही, पण पायथ्याच्या नांदुरीहून गडापर्यंत चालू. ते पुढे, मी मागे, जितकं थांबायचं तितकं थांबू. ट्रॉली असताना कशाला, असं ते दोनदा म्हणाले. मग जरा वेळ काहीच बोलले नाहीत. आईला टीव्ही बारीक करायला सांगितला.

"तुम्ही डोंगरावर कितीला निघनात?"

"सात वाजता."

"उशीर व्हयना," आबा म्हणाले. "चैतना ऊन शे. आपन चार वाजता निघूत."