परवाचं दूध

संध्याकाळची धार काढली आणि बादली रोजच्यापेक्षा 2 लिटरने हलकी. चारा तोच, पेंड तीच. आज तर आभाळ आलेलं, हवाही गार. मग?

आई गोठ्यातूनच म्हणाली, "आजचं काय बघतोस? परवाचा दिवस आठव."

परवा वारा पडला होता. संकरित गाय बसायलाच तयार नव्हती. तोंड उघडं, लाळेची तार पार जमिनीपर्यंत, गव्हाण अर्धी तशीच. पोटात चारा आंबतानाही उष्णता तयार होते, म्हणून उकाड्यात ती खाणंच कमी करते. दुधात ते दिसतं एक-दोन दिवसांनी. त्यात रात्रही दमट, अंग निवणार कधी?

मी मात्र पंखा लावून झोपलो होतो. गोठ्यातला पंखा आठवडाभर बंदच आहे. "उद्या बघतो" असं मीच म्हणत होतो ना?