सबनेटिंगला सोळाचा पाढा पुरतो

सबनेटिंग म्हणजे एका नेटवर्कचे छोटे तुकडे पाडणं. सीसीएनएच्या, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या, परीक्षेत ही गणितं येतात, पण कॅल्क्युलेटर मिळत नाही. म्हणून बरेच जण पत्त्याच्या ३२ बिटांची रांग मांडून बसतात आणि वेळ तिथेच जातो. बायनरी एकदा नीट समजून घ्यावी, पण गणित सोडवताना तिच्या वाटेला जाऊ नये.

१७२.१६.४५.२००/२० हा पत्ता घ्या. टिंबांनी तोडलेला प्रत्येक आकडा म्हणजे ८ बिटांचा एक ऑक्टेट, आणि /२० म्हणजे पहिले २० बिट नेटवर्कचे. पहिल्या दोन ऑक्टेटांत १६ बिट संपले, तिसऱ्याच्या वाट्याला ४ आले. हेच २० बिट आकड्यांत लिहिले की मास्क: २५५.२५५.२४०.०. आता २५६ मधून २४० वजा करा, उरले १६. हा ब्लॉक, म्हणजे एका नेटवर्कापासून पुढच्यापर्यंतचं अंतर. तिसऱ्या ऑक्टेटसाठी पाढा म्हणा: सोळा दुणे बत्तीस, सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. ४५ या दोघांच्या मधे येतो. म्हणजे नेटवर्क १७२.१६.३२.०. पुढचं नेटवर्क ४८ ला सुरू होतं, तर ब्रॉडकास्ट, म्हणजे नेटवर्कातल्या सगळ्यांना एकदम उद्देशून असलेला पत्ता, त्याच्या अगदी अलीकडचा, १७२.१६.४७.२५५. होस्टचे, म्हणजे नेटवर्कातल्या यंत्रांचे, उरलेले बिट १२, म्हणून ४०९६ वजा २ (नेटवर्क आणि ब्रॉडकास्ट), वापरता येणारे पत्ते ४०९४.

त्या २०० चा कुठे उपयोगच झाला नाही, बघा. मास्क जिथे तुटतो तेवढाच ऑक्टेट पाहायचा. हे विसरलं की हमखास फसवणारा प्रश्न येतो: १७२.१६.३५.२५५/२० हा पत्ता पीसीला देता येईल का? खुशाल येईल. शेवटी २५५ म्हणजे ब्रॉडकास्ट, ही /२४ ची सवय आहे, नियम नव्हे. १७२.१६.४०.० सुद्धा चालतो.

व्हीएलएसएममध्ये, म्हणजे एकाच नेटवर्कचे लहानमोठे तुकडे पाडताना, मोठ्या गरजेपासून सुरुवात करा. १९२.१६८.५.० /२४ मधून १००, ५०, २५ आणि २ होस्ट हवेत, तर ० पासून /२५, १२८ पासून /२६, १९२ पासून /२७, २२४ पासून /३०. उलट क्रमाने गेलात आणि ० ते ३ हे पत्ते आधी दोन राउटरांमधल्या लिंकला दिलेत, तर १०० होस्टांचा /२५ काही ४ पासून सुरू होत नाही. तो ० किंवा १२८ वरच बसतो. राउटरच्या इंटरफेसला चुकून नेटवर्कचाच पत्ता दिलात तर सिस्कोचा राउटर ‘बॅड मास्क’ म्हणून लगेच नाकारतो. ती चूक निदान दिसते तरी.

न दिसणारी चूक पीसीवरच्या मास्कची. नेटवर्क /२६ चं आहे आणि १९२.१६८.१०.७७ वर कोणी /२४ टाकलं. ६५ ते १२६ शी बोलणं सुरळीत. १४० खरं तर पुढच्या नेटवर्कात. पण त्याला पिंग केलं, म्हणजे तो उत्तर देतो का ते तपासलं, की पीसीला वाटतं तो याच नेटवर्कात आहे. गेटवेकडे, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरकडे, न जाता तो थेट एआरपी विचारतो, म्हणजे ‘हा पत्ता कोणाचा?’ अशी हाक मारतो, आणि उत्तर येत नाही. पण सिस्को राउटरवर प्रॉक्सी एआरपी मुळातच चालू असतं, त्यामुळे कधी कधी १४० च्या वतीने राउटरच उत्तर देतो आणि पिंग चक्क चालतो. मग कोणीतरी प्रॉक्सी एआरपी बंद करतं, आणि सगळे केबल तपासत बसतात.