मध्येच मुका होणारा जुना ट्रान्सीव्हर: दोष शोधताना आलेला अनुभव

माझ्याकडचा एचएफ ट्रान्सीव्हर (हौशी रेडिओसाठी लघुलहरींवर संदेश पाठवणारा आणि ऐकणारा संच) १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचा, जपानी बनावटीचा आणि पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा आहे. १३.८ व्होल्टच्या पुरवठ्यावर तो सुमारे १०० वॉट देतो. माझ्याकडे येण्यापूर्वी तो अनेक वर्षे रत्नागिरीतील एका घरात, समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि लागोपाठच्या पावसाळ्यांत, न वापरता पडून होता. त्यामुळे व्हॉल्यूम फिरवताना खरखर होणे आणि बँड स्विच बदलताना स्पीकरमध्ये कटकट ऐकू येणे हे मी गृहीतच धरले होते. खरा त्रास वेगळाच निघाला.

४० मीटरच्या बँडवर (सुमारे ७ मेगाहर्ट्झ) एस मीटरवर, म्हणजे संकेताची ताकद दाखवणाऱ्या मापकावर, एस ९ दाखवणारे स्टेशन बोलता बोलता एकदम एस ३ वर येई आणि मग संचाच्या स्वतःच्या गोंगाटात बुडून जाई. एक एस एकक म्हणजे ६ डेसिबल असा हिशोब धरला, तर हा फरक ३६ डेसिबलचा, म्हणजे व्होल्टेजच्या भाषेत साठपटींहून अधिक घटीचा होतो. आयनावरणातील चढउतारांमुळे संकेत हळूहळू वरखाली होतो, परंतु ही घट क्षणार्धात होत होती आणि तिच्याबरोबर बँडवरील पार्श्वभूमीचा गोंगाटही नाहीसा होत होता. शिवाय मायक्रोफोनचे बटण (ते दाबले की संच ट्रान्समिटवर जातो) दाबून सोडले की आवाज पूर्ववत होई.

नेटवरील (ठरलेल्या वेळी रेडिओवर भरणाऱ्या गप्पांच्या बैठकीतील) एका ज्येष्ठ हॅमना, म्हणजे हौशी रेडिओचालकांना, हे सांगितल्यावर ते म्हणाले, “ओएम (म्हणजे ‘ओल्ड मॅन’, हॅम मंडळींचे आपुलकीचे संबोधन), आधी कॉन्टॅक्ट क्लिनरची बाटली बाजूला ठेवा. दोष कुठे आहे ते कळण्याआधी फवारलंत, तर तो चार दिवस लपेल आणि मग सापडणारच नाही.” हा सल्ला मला फार मोलाचा वाटतो, कारण अधूनमधून येणाऱ्या दोषाची खरी अडचण तो दुरुस्त करण्यात नसून, तो हजर असताना त्याला गाठण्यात असते.

अँटेनाची केबल आणि तिचे प्लग बदलूनही लक्षण कायम राहिले, म्हणजे बिघाड संचाच्या आतच होता. संचातील २५ किलोहर्ट्झचा मार्कर, म्हणजे दर २५ किलोहर्ट्झवर ऐकू येणारा संचाचा स्वतःचा खुणेचा संकेत, येथे उपयोगी पडला. माझ्या संचात हा मार्कर अँटेना रिलेच्या (अँटेना कधी ट्रान्समीटरला तर कधी रिसीव्हरला जोडणाऱ्या विद्युत स्विचच्या) पुढे, रिसीव्हरच्या सुरुवातीच्या टप्प्यात येऊन मिळतो. बाहेरचे स्टेशन बुडालेले असतानाही मार्कर नेहमीइतकाच खणखणीत ऐकू येत होता, त्यामुळे पुढचे मिक्सर, फिल्टर आणि ऑडिओ हे सारे विभाग एका फटक्यात संशयातून सुटले. उरला तो अँटेनाच्या सॉकेटपासून रिलेपर्यंतचा आणि रिलेपासून रिसीव्हरपर्यंतचा जेमतेम वीतभर मार्ग.

त्या मार्गात ड्राय सोल्डर (नीट न धरलेला किंवा तडकलेला सोल्डरचा सांधा) असण्याची शक्यता आधी तपासली. कव्हर काढून, अंगठी आणि घड्याळ उतरवून (व्होल्टेज कमी असले तरी पुरवठा २० अँपिअर देऊ शकतो), प्लास्टिकच्या काडीने बोर्डाच्या कडा, कनेक्टर आणि रिलेचे आवरण हलकेच टिचकावत गेलो. बोर्डाला धक्का दिला तरी काही होत नव्हते, मात्र रिलेला टिचकी मारताच आवाज परत आला. भिंगातून रिलेच्या पायांभोवतीचे सोल्डर पाहिले. तेथे भेगेची वर्तुळाकार रेघ नव्हती. याचा अर्थ दोष रिलेच्या आत, म्हणजेच कॉन्टॅक्टवर होता.

गंमत अशी की, पुरवठा बंद करून त्याच कॉन्टॅक्टला मल्टिमीटर लावला, तेव्हा तो जवळजवळ शून्य ओहम दाखवत होता. मीटर मोजण्यासाठी स्वतःचे थोडे व्होल्टेज लावतो आणि चांदीच्या कॉन्टॅक्टवर साचलेला सल्फाइडचा पातळ थर भेदायला अनेकदा तेवढे पुरते. रिसीव्हरच्या वाटेने मात्र केवळ मायक्रोव्होल्ट जात असतात. एस ९ म्हणजेच ५० मायक्रोव्होल्ट. एवढ्याने थर फुटत नाही आणि बंद दिसणारा कॉन्टॅक्ट काही पिकोफॅरडच्या कपॅसिटरसारखा वागू लागतो. १० मीटरच्या बँडवर (सुमारे २८ मेगाहर्ट्झ) घट कमी आणि ४० मीटरवर जास्त का, याचा उलगडाही त्यातूनच झाला, कारण अशा कपॅसिटरचा अडथळा कमी वारंवारतेला अधिक असतो. मायक्रोफोनचे बटण दाबल्यावर रिलेचे पाते हलून पुन्हा बसे, तेव्हा कॉन्टॅक्ट एकमेकांवर किंचित घासले जात आणि तात्पुरता मार्ग मोकळा होई.

रिलेचे पारदर्शक आवरण निघण्यासारखे होते. कॉन्टॅक्टवर काळपट थर स्पष्ट दिसत होता. येथे पॉलिशपेपर किंवा कानस वापरू नये. चांदीचा मुलामा पातळ असतो आणि खरवडलेल्या पृष्ठभागावर थर आणखी लवकर धरतो. जाड, गुळगुळीत कागदाची अरुंद पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून कॉन्टॅक्टच्या मध्ये ठेवली, पाते बोटाने हलके दाबले आणि पट्टी सावकाश ओढून घेतली. पट्टीवर काळी रेघ उमटायची थांबेपर्यंत हेच करत राहिलो आणि शेवटी कोरडी पट्टी फिरवली. चाचणीसाठी अँटेनाऐवजी डमी लोड (लहरी बाहेर न सोडता शक्ती जिरवणारा रोधक) जोडून ट्रान्समिट आणि रिसीव्ह अशी अदलाबदल बराच वेळ केली, म्हणजे बँडवर कुणाला उपद्रव झाला नाही. त्यानंतर अँटेना लावली तेव्हा एस मीटर पुन्हा कोसळला नाही.

दोष सापडल्यावरच क्लिनरची बाटली उघडली. व्हॉल्यूमच्या पोटेन्शिओमीटरमध्ये फटीतून अगदी थोडा फवारा देऊन दांडा दोन्ही टोकांपर्यंत पुष्कळ वेळा फिरवला, खरखर गेली. बोर्ड जोडणारे कनेक्टर नुसते काढून पुन्हा घट्ट बसवले आणि बोर्डाच्या अर्थिंगचे स्क्रू सैल करून परत आवळले. बँड स्विचवर मात्र थेट फवारा दिला नाही. त्याच्या कॉन्टॅक्ट बसवलेल्या चकत्या फिनॉलिक (एक प्रकारच्या राळेच्या) असून त्या द्रव शोषून घेतात आणि मग कॉन्टॅक्टांदरम्यान गळती होऊ लागते. इअरबडच्या टोकाला थेंबभर क्लिनर लावून हाताला लागतील तेवढेच कॉन्टॅक्ट पुसले. सर्वांत मागच्या चकतीपर्यंत हात पोहोचत नाही आणि तिच्यासाठी व्हीएफओची (स्टेशन लावणाऱ्या ऑसिलेटरची) जोडणी सोडवावी लागेल. १५ मीटरवर स्विच अजूनही एकदा मागेपुढे करावा लागतो, तेवढे मी तूर्त चालवून घेतो आहे.