पोलिसांचे पत्र शाळेत यावे का?

रविवार, रात्री

काल पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत एका पालकांनी अशी मागणी केली की, एखाद्या विद्यार्थ्याविरुद्ध पोलिसांत नोंद झाल्यास ती शाळेला लेखी कळवली जावी. बहुतेकांनी माना डोलावल्या. मला ही मागणी मान्य नाही आणि का नाही, ते इथे नीट लिहून ठेवते.

मागणीचे निमित्त उघड होते. जेटीवरच्या होडीतून डिझेल चोरल्याच्या संशयावरून आमच्या दहावीतल्या एका मुलाला बाल न्याय मंडळापुढे जावे लागते आहे. सकाळी मासळीच्या लिलावात बोलले गेलेले शाळेच्या प्रार्थनेआधी वर्गात पोहोचते, असे हे कोकणातले लहानसे बंदर. मग एका पत्राने आणखी काय बिघडणार, असे काहींचे म्हणणे पडले. पण तोंडी बोलणे काही महिन्यांत विरते, आणि आवक नोंदवहीत चढलेले पोलिसांचे पत्र मात्र तिथेच राहते. उद्या शाळा सोडल्याचा दाखला लिहिताना 'वर्तणूक' या रकान्यापाशी कुणाचा तरी हात थबकणार, आणि तोच दाखला घेऊन हा मुलगा आयटीआयच्या प्रवेशाला उभा राहणार. चौकशी अजून सुरू आहे, दोष सिद्ध झालेला नाही, हे त्या रकान्यात कोण लिहिणार?

बाल न्याय अधिनियम, 2015 या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. कलम 74 नुसार अशा मुलाचे नाव आणि पत्ताच नव्हे, तर त्याच्या शाळेचे नावही बातमीत देता येत नाही. शिवाय प्रकरण प्रलंबित असो वा निकाली निघालेले, चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा पोलिसांना ती नोंद उघड करता येत नाही. कलम 24 तर याच्याही पुढे जाते. दोष सिद्ध झाला तरी अपिलाची मुदत संपल्यावर अभिलेख नष्ट करण्याचा आदेश त्यात सांगितला आहे. अपवाद आहे तो 16 वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे निर्घृण गुन्ह्याचे प्रकरण बाल न्यायालयात प्रौढाप्रमाणे चालून दोष सिद्ध झाला असेल तर. जी नोंद सरकार स्वतः पुसून टाकते, ती आमच्या कपाटात जपून ठेवण्याचा आम्हाला काय अधिकार?

एका ठिकाणी मात्र मी अडते. इजा झालेले मूल त्याच वर्गात बसत असेल, तर मुख्याध्यापकांना माहिती हवीच, कारण त्या मुलाला सुरक्षित वाटले पाहिजे. तेव्हाही किती सांगायचे हे मंडळाने ठरवावे आणि ते एकाच व्यक्तीपुरते राहावे. परिवीक्षा अधिकारी (मंडळासाठी मुलाच्या परिस्थितीची माहिती घेणारे अधिकारी) सामाजिक तपासणी अहवालासाठी मुलाच्या शिक्षणाची चौकशी करतात, तेव्हा त्यांच्याशी बोलायलाही एकच शिक्षक पुरे. सगळ्या शिक्षकखोलीला त्याची गरज नाही.

सहामाहीचा गणिताचा पेपर नेमका त्या मुलाच्या बाल न्याय मंडळापुढच्या तारखेला आला आहे. तो दुसऱ्या दिवशी घ्यावा, अशी विनंती मुलाच्या आईने केली आहे. अर्जावर कारण लिहून न घेता ती मान्य करावी, असे मी उद्या मुख्याध्यापकांना सांगणार आहे.