आजोबांच्या वहीतली दहाची नोट

आईच्या ट्रंकेत आजोबांची जमाखर्चाची वही सापडली आणि तिच्यात दहा रुपयांची नोट. समोर बघणारा सहावा जॉर्ज, सही सी. डी. देशमुखांची. महाडजवळच्या नाते गावचे हे गृहस्थ १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९४९ पर्यंत त्या पदावर होते. नोटेवर साल छापलेलं नाही, पण सहीवरून काळ कळला.

भावाने हौसेने फोटो नेटवर टाकला. दुसऱ्याच दिवशी फोन: "दोन लाख देतो, आधी नोंदणीचे दोन हजार भरा." सोबत रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेलं पत्र. भाऊ पैसे भरायलाच निघाला होता. मी त्याला बँकेचं ऑगस्ट २०२१ चं निवेदन दाखवलं: जुन्या नोटांच्या असल्या व्यवहारात बँक नसते, कुणाला कमिशन घ्यायचा अधिकारही दिलेला नाही. तेव्हा तो थांबला.

मग नाणी-नोटांच्या प्रदर्शनात गेलो. तिथल्या एका वयस्कर विक्रेत्याने नोट कडांना धरून दिव्यासमोर नेली. कागदाच्या आत जलचिन्ह, म्हणजे उजेडात दिसणारं चित्र: राजाचा चेहरा, तोही समोरून. शेजारी उभा सुरक्षा धागा. युद्धात जपान्यांनी हुबेहूब बनावट नोटा काढल्या म्हणून जलचिन्ह बदललं आणि हा धागा भारतात पहिल्यांदा तेव्हा आला, हे त्यांनीच सांगितलं. नोट अस्सल होती. मग त्यांनी ती तिरकी धरली, आणि डाव्या बाजूला उजेडाचे दोन ठिपके दिसले. पिनहोल, म्हणजे टाचणीची भोकं. मधोमध घडी, एक कोपरा झिजलेला. "काका, इस्त्री करून आणली असती तर?" मी विचारलं, कारण आदल्या रात्री माझ्या मनात ते आलंच होतं. "बरं झालं नाही केलीत. धुतलेली, इस्त्री केलेली नोट हाताला लगेच कळते. कागदाचा कडकपणा जातो, भाव पडतो."

नोट किती जुनी, याला फार महत्त्व नाही. अशा नोटा लाखोंनी छापल्या होत्या. कोरी करकरीत असेल किंवा नंबर खास असेल तरच भाव चढतो. नेटवर लोक मागतात त्या किमतींवर जाऊ नका, लिलावात प्रत्यक्ष मिळालेली किंमत बघा, असं मी आता सगळ्यांना सांगतो. तिघांना दाखवली, सहाशे ते नऊशेच्या मध्येच आकडे आले.

घरी येऊन आईला आकडा सांगितला. "मग राहू दे आपल्याकडेच," ती म्हणाली. आता नोट जाड प्लास्टिकच्या पाकिटात आहे, न दुमडता.