जुन्या पिकअपचा चौथा गिअर लागेना: ४६आरईमधला दोष कसा शोधला

पिकअप १९९९ चा, इंजिन ५.९ लिटरचं व्ही-८, गिअरबॉक्स ४६आरई. अमेरिकेत त्या काळच्या डॉज पिकअपमध्ये हा चार गिअरचा ऑटोमॅटिक सर्रास असायचा आणि असे कितीतरी ट्रक आजही इथे रोजच्या कामाला जुंपलेले दिसतात. इतक्या जुन्या गाडीत ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथा गिअर, बंद पडला की ठरलेला सल्ला मिळतो: गिअरबॉक्स उतरवा आणि नव्याने बांधून घ्या. तो खर्च ट्रकच्या किमतीच्या आसपास जातो. मला तो करावा लागला नाही. दोष संगणकाच्या हुकुमात आहे, करंटमध्ये आहे, ऑइलच्या दाबात आहे की क्लचमध्ये, हे त्याच क्रमाने तपासत गेलो तर बहुतेक वेळा उत्तर गिअरबॉक्स उतरवण्याआधीच सापडतं.

आतली रचना डोक्यात असेल तर पुढचं सगळं सोपं जातं. ४६आरईचे पहिले तीन गिअर म्हणजे क्रायस्लरचा जुना तीन गिअरचा टॉर्कफ्लाइट. ओव्हरड्राइव्हचं युनिट त्याच्या पाठीमागे वेगळं जोडलेलं आहे. त्यातला डायरेक्ट क्लच सुमारे ८०० पौंडांच्या जाड स्प्रिंगने कायम दाबलेला असतो, म्हणून पहिल्या तीन गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये ते युनिट एकसंध फिरतं. चौथ्या गिअरसाठी ऑइलच्या दाबाने पिस्टन ती स्प्रिंग दाबतो, डायरेक्ट क्लच सुटतो, ओव्हरड्राइव्ह क्लच पकडतो आणि गुणोत्तर १.०० वरून ०.६९ होतं.

हा दाब पिस्टनकडे जाऊ द्यायचा की नाही ते सोलेनॉइड (विजेवर चालणारी छोटी झडप) ठरवतो. त्याला १२ व्होल्ट रिलेमधून मिळतात आणि संगणक फक्त ग्राउंडची बाजू जोडतो. करंट नसेल तेव्हा सोलेनॉइडचं तोंड उघडं असतं आणि ऑइल पॅनमध्ये सुटून जातं. करंट मिळाला की तोंड बंद होतं, दाब साठतो आणि ३-४ शिफ्ट व्हॉल्व्ह (तिसऱ्यातून चौथ्यात नेणारी झडप) सरकतो. म्हणजे सोलेनॉइडने नुसता टक् आवाज करून भागत नाही, त्याने तोंड घट्ट मिटायलाही हवं. माझ्या गाडीतलं दुखणं शेवटी इथेच निघालं.

सुरुवात ऑइलपासून. या गिअरबॉक्सची पातळी इंजिन चालू, ऑइल गरम आणि लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवून पाहायची. हँडब्रेक ओढलेला हवा. पार्कमध्ये टॉर्क कन्व्हर्टरला (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) ऑइल जात नाही, त्यामुळे पार्कमध्ये घेतलेलं माप फसवं असतं. पातळी कमी असताना पुढची एकही चाचणी विश्वासाची नाही. डिपस्टिकवरचं ऑइल बोटांत चोळून वास घ्या. माझं ऑइल लाल-तपकिरी होतं, पण जळका वास नव्हता. मग रिव्हर्स आणि इंजिन ब्रेकिंग पाहिलं. रिव्हर्स घसरत असेल किंवा तिसऱ्या गिअरमध्ये पाय काढल्यावर गाडी मोकळी पळत असेल, तर डायरेक्ट क्लच किंवा त्याची स्प्रिंग गेली आहे आणि मागचं युनिट उघडावंच लागेल. माझ्याकडे दोन्ही ठीक होतं.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात: आरपीएमचे (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचे) उतार मोजणं. धडधाकट ४६आरई सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालवला तर काटा चार वेळा खाली येतो: १-२, २-३, ३-४ आणि शेवटी कन्व्हर्टरचं लॉकअप, म्हणजे तो आतून पक्का जोडला जाणं. लॉकअपचा उतार २००-३०० चा असतो. ओव्हरड्राइव्हचा त्याहून कितीतरी मोठा. ३.५५ चा ॲक्सल आणि २४५/७५आर१६ टायर असतील तर ताशी ६० मैलांना तिसऱ्या गिअरमध्ये लॉकअपसह काटा सुमारे २,४०० दाखवतो, चौथ्यात सुमारे १,६५०. माझ्या गाडीत थंड असताना चार उतार मिळायचे. पंधरा-वीस मिनिटांनी काटा अचानक वर जायचा आणि मग तीनच. यावरून लॉकअप शाबूत आहे आणि चौथा गिअर फक्त गरम झाल्यावर सुटतो, एवढं पक्कं झालं.

गरमीचा संबंध दिसला की संगणकाची स्वतःची बंधनंही तपासावी लागतात. ऑइल सुमारे १० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर संगणक ओव्हरड्राइव्ह देत नाही. १२६ अंशांच्या वर गेलं तर तो स्वतःच चौथ्यातून तिसऱ्यात उतरतो आणि ११० पर्यंत थंड झाल्यावर परत चौथा देतो. तापमान मोजणारा थर्मिस्टर गव्हर्नर प्रेशर सेन्सरमध्येच (गिअर बदलायचा दाब मोजणारा सेन्सर) असतो. तो खोटं बोलू लागला तर धडधाकट गिअरबॉक्सही चौथा घालणार नाही. स्कॅनरवर माझं ऑइल ८५ ते ९० अंश होतं, म्हणजे हे कारण बाद. ओव्हरड्राइव्ह बंद करायचं बटण आणि त्याचा दिवा याच वेळी पाहून घ्या. बटण न दाबता दिवा लागत असेल तर बटणाची वायर कुठेतरी ग्राउंडला चिकटली आहे.

आता संगणकात साठलेले दोषांचे कोड. इथे प्रत्येक कोड सुटा वाचू नका, कोणते एकत्र आलेत ते पाहा. पी०७५३ हा ओव्हरड्राइव्ह सोलेनॉइडच्या सर्किटचा, पी०७४३ लॉकअप सोलेनॉइडचा, पी०७४८ गव्हर्नर सोलेनॉइडचा. तिघांनाही १२ व्होल्ट एकाच रिलेतून जातात. तिन्ही एकदम आले, जोडीला पी१७६५ असेल, तर तीन सोलेनॉइड एका दिवशी मेले असं समजू नका. रिले, त्याचा फ्यूज किंवा पुरवठ्याची वायर बघा. एकटा पी०७५३ असेल तर ओव्हरड्राइव्हचा सोलेनॉइड किंवा त्याची वायर. आणि एकटा पी०७८३ म्हणजे संगणकाने हुकूम दिला, पण आरपीएम उतरले नाहीत. माझ्याकडे फक्त हाच होता. दोष बहुधा विजेच्या पुढे, ऑइलच्या वाटेत आहे असा याचा अर्थ. तरीही वीज मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ट्रान्समिशनच्या डाव्या बाजूला, पॅनच्या वर, आठ पिनांचा कनेक्टर आहे. चाकांना ठोकळे लावून, गाडी जॅक स्टँडवर घेऊनच खाली शिरा. पिन १ म्हणजे १२ व्होल्ट, पिन ६ ओव्हरड्राइव्ह सोलेनॉइड, पिन ७ लॉकअप. कनेक्टर काढून ट्रान्समिशनच्या बाजूने १ आणि ६ मध्ये ओहम मोजा, मग १ आणि ७ मध्ये. साधारण २५ ते ४० च्या दरम्यान हवेत आणि दोन्ही आकडे जवळपास सारखे. मला ३१ आणि ३० मिळाले. गाडी गरम असताना पुन्हा मोजले; थोडे वाढले, पण दोन्ही सारखेच वाढले. पिना भिंगाखाली पाहिल्या: ऑइल शिरलेलं आहे का, तांब्यावर हिरवट थर आहे का, एखादी पिन मागे सरकली आहे का. वरची वायर एक्झॉस्टच्या जवळून जाते, तिथे तिचं आवरण कडक होऊन तडकतं. तो भाग बोटांनी वाकवून बघा.

(ताशी ३५ ते ५० मैलांच्या दरम्यान लॉकअप सारखं लागतं-सुटतं असेल तर तो वेगळा आजार आहे. त्यात आधी अल्टरनेटर आणि ग्राउंड तपासा. बॅटरीवर एसी व्होल्ट ०.१ पेक्षा जास्त दिसले तर अल्टरनेटरचे डायोड संशयित.)

मग सगळ्यात उपयोगाची चाचणी. पिन ६ च्या वायरला मागून टोचणी लावून एक लांब वायर केबिनमध्ये घेतली, मध्ये साधा स्विच आणि दुसरं टोक ग्राउंडला. पिन ६ ऐवजी चुकून पिन १ पकडली तर थेट शॉर्ट होऊन फ्यूज जाईल, म्हणून आधी मीटरने खात्री करा. गाडी ताशी ४५-५० मैलांवर तिसऱ्यात स्थिर चालवून स्विच दाबायचा. काटा मोठी उडी घेऊन उतरला तर गिअरबॉक्स निरोगी आणि दोष संगणक, बटण किंवा वायरिंगमध्ये. नाही उतरला तर दोष पॅनच्या आत. वेग कमी करण्याआधी स्विच सोडायचा. माझा काटा थंड असताना उतरला, गरम असताना जागचा हलला नाही.

दाब मोजल्यावाचून आता निकाल लागणार नव्हता. केसच्या डाव्या बाजूला मागे ओव्हरड्राइव्हचा टेस्ट पोर्ट आहे, १/८ इंची पाइप आट्याचा. त्याला ३०० पीएसआयचा गेज जोडला. नळी एक्झॉस्ट आणि ड्राइव्ह शाफ्टपासून लांब बांधून केबिनमध्ये आणली. गेज वाचायला शेजारी दुसरा माणूस हवाच. चौथ्या गिअरमध्ये पाय काढलेला असताना ६८ ते ७२ पीएसआय आणि अर्ध्या ते पाऊण थ्रॉटलला ९० ते १२० दिसायला हवेत. दाब पूर्ण आहे आणि तरीही आरपीएम उतरत नाहीत, तर ओव्हरड्राइव्ह क्लच जळला आहे आणि मागचं युनिट उघडणं आलं. (ती स्प्रिंग हायड्रॉलिक प्रेसशिवाय कधीही सोडू नका, जीवावर बेतेल.) दाबच आला नाही तर सोलेनॉइड, शिफ्ट व्हॉल्व्ह किंवा पिस्टनचं सील. थंड असताना माझी सुई ७० वर ठाम होती. गरम झाल्यावर स्विच दाबला की ती २०च्या आसपास थरथरायची आणि खाली यायची.

पॅन काढला. चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप होता. तो चालतो. काळे घर्षण-पट्टीचे तुकडे किंवा चकाकणारा धातूचा कीस असता तर निष्कर्ष बदलला असता. व्हॉल्व्ह बॉडी (सगळ्या झडपा बसवलेला ठोकळा) उतरवण्याआधी बाहेरचे लिव्हर, न्यूट्रल स्विच आणि केस कनेक्टर मोकळा करावा लागतो. दहा बोल्ट सोडताना एका हाताने बॉडीला आधार द्या, कारण ॲक्युम्युलेटरची (गिअर बदलताना धक्का मऊ करणारा भाग) स्प्रिंग आणि पिस्टन सोबत खाली येतात. बॉडी थोडी पुढे ओढली की पार्कचा दांडा सुटतो.

बॉडी खाली असतानाच पिस्टनचं सील तपासता येतं. केसमधल्या ओव्हरड्राइव्हच्या वाटेत रबरी टोकाच्या नळीने ३० पीएसआय कोरडी हवा दिली. आतून धप्प असा आवाज आला आणि गळतीची सळसळ नव्हती. सील ठीक. मग फक्त ३-४ शिफ्ट व्हॉल्व्हच्या बाजूचं झाकण उघडलं. व्हॉल्व्ह स्वतःच्या वजनाने बोअरमध्ये सरकायला हवा, आणि तो सरकत होता. उरला सोलेनॉइड. त्याला बाहेरून १२ व्होल्ट दिले, टक् आवाज स्वच्छ आला, पण तोंडाशी हवा धरल्यावर ती बारीक फुसफुसत निघत राहिली. गुंडाळी शाबूत, तोंड मात्र पूर्ण मिटत नव्हतं. थंड, घट्ट ऑइलमध्ये ही फट निभावून जायची. ऑइल पातळ झालं की दाब तिथूनच निसटायचा. मल्टिमीटर हे कधीच दाखवणार नाही.

ओव्हरड्राइव्ह आणि लॉकअपचे सोलेनॉइड एकाच संचात येतात, सोबत आतली वायर आणि केस कनेक्टर. मागवताना गाडीचं वर्ष नीट सांगा. १९९९ पर्यंतचा आणि २००० पासूनचा भाग सारखा नाही. पॅन उघडलाच आहे तर गव्हर्नर प्रेशर सेन्सरही मी बदलतो, कारण थर्मिस्टर त्यातच आहे आणि त्यासाठी पुन्हा पॅन काढणं परवडत नाही.

बसवताना केस कनेक्टरच्या ओ-रिंगला ट्रान्समिशन ऑइल लावा. व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट १२ न्यूटन-मीटर, फिल्टरचे स्क्रू ४, पॅनचे १७. पॅनचे बोल्ट जोराने आवळले तर कडा वाकते आणि गळती कायमची पाठीशी लागते. थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल परत जोडताना बंद आणि पूर्ण थ्रॉटल दोन्हीकडे तपासा. ती जास्त ताणलेली राहिली तर सगळे गिअर उशिरा पडतात आणि नसता संशय नव्या भागावर येतो. ऑइल एटीएफ+४. आधी ३.८ लिटर घातलं, इंजिन चालू करून लिव्हर प्रत्येक जागी दोन सेकंद फिरवला आणि न्यूट्रलमध्ये पातळी पाहत बाकीचं थोडं थोडं भरलं.

गेज मी चाचणीसाठी तसाच ठेवला होता. कोड पुसून चाळीस मिनिटं हायवेवर गाडी चालवली. ऑइल ८८ अंश, चौथ्यात पाय काढल्यावर ७० पीएसआय, अर्ध्या थ्रॉटलला १०५, सुई स्थिर. पी०७८३ परत आला नाही. घरी येऊन पोर्टचा प्लग सीलंट लावून बसवला आणि दुसऱ्या दिवशी ऑइल गरम करून पातळी पुन्हा एकदा पाहिली.